पडवीतला फोन: लँडलाईनची जोडणी, घरातली वायर, नियम आणि पावसाळा

दोनतारी

मिरग जवळ आला की लँडलाईनचे तेच ते प्रश्न चार धाग्यांत पडतात आणि उत्तरं पाचव्यात सापडतात. म्हणून हा एकच धागा. घरापर्यंत आलेली लाईन आत नीट कशी घ्यायची, तिला काय जोडायचं, काय जोडायला मनाई आहे, आणि पावसात ती मेली तर दोष घरातला की बाहेरचा हे कसं ओळखायचं, एवढाच विषय.

आधी बघा, तुमच्या फोनला वीज कुठून मिळते. भिंतीवरच्या छोट्या डबीत, म्हणजे रोझेटमध्ये, खांबावरून आलेली दोन तारांची ड्रॉप वायर थेट शिरत असेल तर लाईन तांब्याची. तिच्यावर एक्सचेंजच्या बॅटरीतून साधारण ४८ व्होल्ट डीसी येतात, म्हणून घरातली लाईट गेली तरी साधा वायरवाला फोन चालतो. फोनची वायर दिवे लुकलुकणाऱ्या डब्यात, म्हणजे ओएनटीमध्ये, जात असेल तर लाईन फायबरची. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. ते ४८ व्होल्ट तुमच्या घरातला तो डबाच तयार करतो, आणि लाईट गेली की फोनही जातो. तांब्यावरून फायबरवर जाताना 'नंबर तोच राहील' हे सगळे विचारून घेतात. वीज कोणाची, हे विचारायचं राहून जातं.

तांब्याच्या लाईनचे काही आकडे हाताशी ठेवा. रिसीव्हर खाली ठेवलेला असताना दोन तारांमध्ये ४८ ते ५२ व्होल्ट डीसी. उचलला की ६ ते १२. घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या आसपास एसी, २५ हर्ट्झ. हा चांगला झटका देतो, म्हणून ओल्या हातांनी रोझेट उघडायचा नाही आणि गडगडत असताना तर मुळीच नाही. डायल टोन ४०० हर्ट्झचा, सलग. एंगेज टोन पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. घंटी ०.४ सेकंद, मग ०.२ गप्प, पुन्हा ०.४ आणि मग २ सेकंद शांतता. आपली ओळखीची ट्रिंग-ट्रिंग ती हीच.

रोझेट ही हद्द समजा. तिथपर्यंतची वायर, खांबावरचा डीपी (घरोघरच्या वायरी वाटणारा डबा), पुढचा पिलर (केबलच्या जोडांचं कपाट) आणि जमिनीतली केबल कंपनीची. रोझेटच्या पुढची वायर, एक्स्टेंशन आणि फोन आपले.

आगरातली

घर लांबट आहे. रोझेट ओटीवर, पण फोन माजघरात आणि माडीवरही हवा आहे. माडीपर्यंत वायर १८-२० मीटर जाईल. दुकानात मिळते ती पांढरी चपटी वायर ओढली तर चालेल? आणि एका लाईनवर समांतर किती फोन टाकता येतात?

जांभाचिरा

चपटी वायर नको. तिच्या तारांना पीळ नसतो. दोन-तीन मीटरला काही बिघडत नाही, पण २० मीटर चपटी वायर म्हणजे एरियल. शेजारून २३० व्होल्टची लाईन गेली की तिची घरघर रिसीव्हरमध्ये उतरते. दोन जोड्यांची, पीळ दिलेली, ०.५ मिलिमीटर तांब्याची टेलिफोन वायर घ्या. एक जोडी वापरायची, दुसरी राखीव ठेवायची. कधीतरी उंदीर वायर कुरतडतो, तेव्हा ती उपयोगी पडते.

विजेच्या वायरिंगपासून एक फूट अंतर ठेवा, एकाच पाईपमधून दोन्ही कधीही नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

आता भिंत. चिरा भुसभुशीत असतो आणि पाणी धरतो. बाहेरच्या चिऱ्यावर रोझेट ठोकला की श्रावणापर्यंत त्याच्या स्क्रूंवर हिरवा गंज चढतो. शक्यतो आतल्या भिंतीवर घ्या. बाहेरचीच भिंत असेल तर आधी लाकडी फळी मारा आणि फळीवर रोझेट. जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच, म्हणजे सारवणाचं पाणी पोचत नाही आणि मुलांचे हातही. वायर आत घ्यायला भोक पाडताना ड्रिल आतून बाहेर, खाली उतरतं धरा. वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली वीतभर झोळ द्या, म्हणजे पागोळीचं पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं, वायरीवरून आत येत नाही. भोक सिलिकॉनने बुजवा. सिमेंटने बुजवलंत तर पुढच्या वेळी वायर बदलताना चिराच फुटतो.

रोझेटच्या स्क्रूखाली तार घेताना आवरण १० ते १२ मिलिमीटर सोला, तार घड्याळाच्या काट्याच्या दिशेने स्क्रूभोवती वळवा, मग आवळा. उलटी वळवलीत तर आवळताना ती बाहेर सरकते. स्क्रूवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. वास्तविक हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे, पण घाईत पिळून टेप मारलेला जोडच सगळीकडे दिसतो. टेपच्या आत घाम धरतो. मधे जोड द्यावाच लागला तर जेली भरलेला यूवाय कनेक्टर वापरा. काही रुपयांचा असतो. त्यात तार न सोलता घालायची आणि पकडीने दाबायची.

दोनतारी

समांतर फोनांबद्दल. अडचण घंटीची असते, बोलण्याची नाही. प्रत्येक फोन घंटीच्या विजेचा वाटा खातो आणि त्याचं माप म्हणजे आरईएन. जुन्या धातूच्या घंटीवाल्या फोनचं १ धरा, इलेक्ट्रॉनिक घंटीच्या फोनचं त्याहून कमी. सगळ्यांची बेरीज ३ च्या आत ठेवली की लांबच्या तांब्याच्या लाईनवरही सगळे फोन नीट वाजतात. बेरीज जास्त झाली की घंटी पुटपुटते, किंवा एक फोन वाजतो आणि बाकीचे मुके राहतात. दोन ठिकाणी एकदम उचलून बोललं तर आवाज बारीक होणारच, प्रवाह वाटला जातो. तो दोष नव्हे.

आगरातली ताई, तुमचे तीन फोन सहज बसतील. जमलं तर रोझेटपासून माजघर आणि माडी अशा दोन वेगळ्या वायरी काढा. एकातून दुसरी काढू नका. बिघाड शोधताना एक शाखा सोडवून बघता येते.

खाडीपलीकडे

बरा झाला, कोणीतरी ह्यो धागो काढल्यान. आमच्याकडे पाऊस पडलो की फोन रडाक लागता.

आता गंभीर प्रश्न. पाऊस सुरू झाला की खरखर, चार दिवसांनी लाईन बाहेरच्यांना सतत एंगेज, आणि उन्हं पडली की आपोआप बरी. घरात फोन खाली ठेवलेलाच असतो. एंगेज का लागतो?

दोनतारी

ओल. कुठल्या तरी जोडात पाणी शिरलं की दोन तारांमध्ये किंवा एका तारेतून जमिनीत थोडी वीज गळते. गळती वाढली की एक्सचेंजला वाटतं रिसीव्हर उचललाय. ते डायल टोन देतं, कोणी नंबर फिरवत नाही म्हणून काही वेळाने लाईन बाजूला टाकतं. लाईनमन याला 'पीजी' म्हणतात. बाहेरून फोन करणाऱ्याला ती एंगेजच मिळते. ऊन पडलं की जोड सुकतो आणि लाईन परत येते, म्हणून तक्रार नोंदवून माणूस येईपर्यंत दोष सापडत नाही. तक्रार पावसातच करायची आणि 'पाऊस असताना एंगेज लागतो' हे शब्द नोंदवून घ्यायचे.

नुसती खरखर म्हणजे बहुधा गंजलेला जोड, वाऱ्याने ड्रॉप वायर हलली की वाढते. एकसारखी घूं म्हणजे दोनपैकी एकच तार जमिनीला लागलीय आणि तोल गेलाय. दुसऱ्याचं बोलणं ऐकू येणं म्हणजे केबलमध्ये दोन जोड्या भिडल्यात. ही शेवटची गोष्ट घरात कितीही खटपट केली तरी सुटत नाही.

दोष कुठला ते शोधायला दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. घरातले सगळे फोन प्लगमधून काढा. रोझेट उघडा, आतल्या घराकडे जाणाऱ्या तारा सोडवा, फक्त खांबाकडून आलेली जोडी स्क्रूवर ठेवा. मीटर २०० व्होल्ट डीसीवर. ४८ च्या आसपास आलं तर बाहेरची लाईन ठीक, दोष घरात. शून्य आलं तर बाहेर तार तुटलीय किंवा दोन्ही तारा भिडल्यात. २० किंवा ३० असं अर्धवट आलं तर बाहेर गळती आहे. मग एक चालू फोन थेट त्या जोडीला लावून बघा. डायल टोन स्वच्छ असेल तर रोझेटपुढचंच काहीतरी आहे.

घरातली वायर तपासायची तर ती रोझेटपासून पूर्ण सुटलेली, टोकांना एकही फोन नाही, अशा अवस्थेत मीटर ओहमवर लावा. काही आकडाच दाखवायला नको. काही लाख ओहम दाखवले तरी ओल समजा. एक्सचेंजची लाईन जोडलेली असताना ओहम मापू नका, मीटरचा फ्यूज जातो.

आगरातली

उन्हाळ्यातच हे करून ठेवलं तर?

जांभाचिरा

वैशाखात करायचंच काम आहे. ड्रॉप वायरीवर टेकलेल्या फांद्या छाटा. माडाची सुकलेली झावळी आणि पोफळीची पडणारी झाप हे वायरीचे खरे शत्रू, तार तोडत नाहीत पण खांबावरच्या हुकाशी ताणतात आणि आवरणाला चीर पाडतात. मग पाणी चिरेतून आत शिरून कितीतरी फूट पुढे बाहेर येतं. वानरं झोके घेतात तो भाग वेगळा. घराच्या टोकाला वायर इन्सुलेटरवर किंवा हुकावर ताण घेऊन बांधलेली असावी, तिचा भार रोझेटच्या स्क्रूवर येता कामा नये. रोझेट उघडलात की मुंग्यांचं वारूळ आणि पालीची अंडी निघतात, ती साफ करा.

कातळ

नियमांचा भाग मी घेतो, कारण त्यात ऐकीव गोष्टी फार आहेत.

लाईनला जोडायचा फोन, मोडेम, फॅक्स, छोटं एक्सचेंज ही सगळी उपकरणं दूरसंचार खात्याच्या टीईसी या संस्थेच्या कसोटीतून गेलेली असावी लागतात. सक्तीच्या चाचणी-प्रमाणपत्राची योजना १ ऑक्टोबर २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि दोन तारांचे फोन, कॉर्डलेस, फॅक्स, पीबीएक्स (तेच छोटं एक्सचेंज) हे पहिल्याच टप्प्यात होते. प्रमाणपत्र घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्याची किंवा आयात करणाऱ्याची. आपण विकत घेताना खोक्यावर बघायचं आणि बिल ठेवायचं.

परदेशातून कोणी पाठवलेला कॉर्डलेस हा इथला नेहमीचा घोळ. मुंबई-दुबई-न्यूजर्सी करणाऱ्या घरांत तो असतोच. अमेरिकेतले ९०० मेगाहर्ट्झचे जुने कॉर्डलेस ९०२ ते ९२८ वर बोलतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा मोबाईलकडून टॉवरकडे जाणारा पट्टा आहे. तिथलाच डेक्ट ६.० असं लिहिलेला फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो आणि तो पट्टा इथे थ्रीजीसाठी दिलेला आहे. फोन चालतो, आवाजही छान येतो, पण आसपासच्या टॉवरला त्रास होतो. मोबाईल कंपनीची माणसं यंत्र घेऊन शोधत दारात येऊ शकतात. २.४ गिगाहर्ट्झचा, भारतासाठी विकलेला कॉर्डलेस घ्या. तो वायफायच्या राउटरपासून दोन-तीन मीटर लांब ठेवला की कुरकुर नाही.

कनेक्शन एका पत्त्यासाठी दिलेलं असतं. भाऊबंदांचं घर वाडीत पन्नास पावलांवर असलं तरी कुंपण ओलांडून आपली समांतर वायर तिथे नेऊ नये. रस्ता ओलांडून तर नाहीच. तिथे वेगळं कनेक्शन घ्या.

आणि एक गंभीर गोष्ट. 'तुमच्या लाईनला आमचा छोटा डबा लावा, दरमहा पैसे देतो' असं सांगत कोणी आलं तर दार लावून घ्या. इंटरनेटवरून आलेले परदेशी कॉल स्थानिक लाईनवर उतरवणं म्हणजे विनापरवाना दूरसंचार सेवा. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खाडीपलीकडे

कातळराव, नंबर फिरवण्याचंही लिहा. आमच्या मातोश्री अजून मोबाईल नंबर शून्याशिवाय फिरवतात आणि फोन बिघडला म्हणतात.

कातळ

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून कुठल्याही मोबाईलला आधी ०, मग दहा आकडे. फोनमध्ये साठवलेले जुने नंबर आणि स्पीड डायल बदलून घ्या. मोबाईलवरून लँडलाईनला आधी ० आणि एसटीडी कोड: रत्नागिरी ०२३५२, चिपळूण ०२३५५, दापोली ०२३५८, मालवण ०२३६५, सावंतवाडी ०२३६३, अलिबाग ०२१४१. सुरुवातीचं शून्य सोडून कोडचे चार आणि नंबरचे सहा, एकूण दहा आकडे व्हायलाच हवेत. आकस्मिक मदतीचा ११२ लँडलाईनवरून तसाच फिरवायचा, आधी शून्य किंवा कोड नाही.

तुकडाजोड

फायबरचं लिहितो. गावागावांत आता नव्या जोडण्या त्याच आहेत आणि चुका तिथेच जास्त.

ओएनटीवर इंटरनेटचे चार भोकं असतात, त्याशिवाय एक-दोन छोटी भोकं 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' अशा खुणेची. साधा फोन तिथे. नुसता फोन खुपसून चालत नाही. कंपनीने त्या ओएनटीत तुमच्या नंबरचं व्हॉइस खातं भरून नोंदवावं लागतं, तेव्हाच फोनचा दिवा स्थिर होतो. म्हणून ओएनटीच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट करू नका. त्याने व्हॉइसचं खातंही पुसलं जातं. वायफाय परत येतं, फोन मुका राहतो. बंद-चालू करायचं तर बटणाने किंवा ॲडाप्टर काढून, आणि मग तीन-चार मिनिटं वाट बघायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात तांब्याची जुनी वायरिंग माजघर-माडीपर्यंत आहे आणि ओएनटीचा फोन सगळीकडे हवा आहे. ओएनटीच्या फोन भोकातून एक वायर रोझेटमध्ये आणली की सगळे जुने फोन चालतात. पण त्याआधी खांबाकडून आलेली तांब्याची जोडी रोझेटमधून पूर्ण सोडवा, टोकं वेगवेगळी टेप करून बाजूला बांधा. ती तशीच राहिली तर एक्सचेंजचे ४८ व्होल्ट आणि ७५ व्होल्टची घंटी उलटी ओएनटीच्या फोन भोकात शिरते आणि ते भोक जळतं. लाईन बंद झालीय असं सांगितलं असलं तरी सोडवा. खांबावर ती जोडी दुसऱ्या कोणाला दिली गेली असेल, आणि बाहेर लोंबणारी ती तार आकाशातल्या विजेलाही घरात वाट करून देते.

ओएनटी तीनच्या आसपास आरईएन सोसतो, काही पाच म्हणतात, पण घंटी एक्सचेंजएवढी जोरकस नसते. बेंगळुरूच्या आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) कारखान्याचा चकतीवाला काळा फोन बऱ्याच ओएनटीवर येणारा कॉल घेतो, वाजतो, बोलता येतं, फक्त बाहेर नंबर लागत नाही. चकती लाईन तोडत-जोडत पल्स पाठवते, आणि ओएनटीला बटणांचे स्वर लागतात. बटणांच्या फोनवरही मागे किंवा बाजूला टी-पी अशी सरकपट्टी असते, ती टी वर ठेवा. नंबर फिरवून झाल्यावर चार-पाच सेकंद शांतता वाटते, ओएनटी अजून आकडे येतील म्हणून थांबतो. बऱ्याच ठिकाणी शेवटी # दाबलं की लगेच लागतो.

दिव्यांची भाषा सोपी आहे. 'पॉन' खुणेचा दिवा स्थिर हिरवा आणि 'लॉस' खुणेचा विझलेला असेल तर काच ठीक. लॉस लाल लुकलुकतोय म्हणजे प्रकाश पोचत नाही. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर येणारा प्रकाश उणे १५ ते उणे २५ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) दिसला तर चांगला, उणे २७ च्या पलीकडे तुटतुट सुरू. काचेची वायर खिळ्यात दाबून, दाराच्या फटीतून चेपून किंवा गुंडाळी करून टांगू नका. वळण वाटीच्या घेरापेक्षा लहान नको. हिरव्या टोकाचा कनेक्टर हिरव्यातच. निळ्या सॉकेटात तो बसतो, पण प्रकाश निम्मा वाया जातो. आणि उघड्या टोकात डोळा घालून 'उजेड येतोय का' बघू नका. तो प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला चांगला नाही.

आगरातली

लाईट. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे किती दिवस अंधार होता ते सगळ्यांना माहीत आहे. ३ जून २०२० सारखी वेळ पुन्हा आली तर फायबरचा फोन किती तास टिकवता येईल?

तुकडाजोड

हिशेब मांडू. ओएनटी साधारण ८ वॅट खातो, ॲडाप्टर १२ व्होल्टचा. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस, आत २२०० एमएएचचे तीन सेल: तीन गुणिले ३.७ गुणिले २.२, म्हणजे २४ वॅट-तास. तोटा वजा जाता २० धरा, अडीच तास. घरी इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा प्लग त्याच्या सर्किटवर घ्या, १५० एएचच्या बॅटरीला ८ वॅट म्हणजे काहीच नाही. मात्र फक्त ओएनटीसाठी इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवलात तर तो स्वतःच १०-२० वॅट पितो.

१२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी थेट ओएनटीला जोडायचा मोह होतो. चार्जरवर असताना ती १३.६-१३.८ व्होल्ट देते. काही ओएनटी सोसतात, काही नाही. मधे १२ व्होल्टला बांधून देणारा डीसी-डीसी मॉड्यूल घाला, पाच-सहा तास निघतात. जोडण्याआधी ॲडाप्टरवरची खूण बघा, पिनचा मधला भाग धन असतो. उलटं लागलं की ओएनटी संपला.

पण तुमची बॅटरी हे अर्धंच. फायबरच्या मधल्या स्प्लिटरला (प्रकाश वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, पण ज्या खोलीत ओएलटी, म्हणजे कंपनीच्या टोकाचं यंत्र, आहे तिथे लागते. काही गावांत मधे स्थानिक केबलवाल्याचं विजेवर चालणारं यंत्रही असतं. कनेक्शन घेतानाच विचारा की ओएलटी कुठे आहे आणि तिथे जनरेटर आहे का. उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. तांब्याचं कनेक्शन नीट चालत असेल आणि घरात म्हातारी माणसं एकटी असतील, तर ते सोडायची घाई मी करणार नाही.

दोनतारी

सहमत. थोडी दुसरी बाजूही: लांबच्या वाडीत केबल वीस वर्षांची, दर पावसात पाणी पिणारी, वर महामार्गाच्या कामात जेसीबी दरवर्षी दात मारतो. तिथे तांब्याचा 'लाईट नसतानाही चालतो' हा फायदा कागदावरच राहतो.

जांभाचिरा

आकाशातली वीज राहिली. चैत्र-वैशाखातले वळीव आणि परतीचा पाऊस, हे दोन हंगाम धोक्याचे. तांब्याची लाईन म्हणजे शेतावरून आलेला लांब तारेचा सापळा. गडगडायला लागलं की फोनचा प्लग रोझेटमधून आणि ॲडाप्टर भिंतीतून, दोन्ही काढा. एकच काढून भागत नाही, कॉर्डलेसचा बेस आणि मोडेम हे लाईन आणि २३० व्होल्ट या दोघांच्या मधे बसलेले असतात, झटका एकीकडून येऊन दुसरीकडे जातो. वायरवाला रिसीव्हर कानाला लावून बोलू नये.

विजेचा झटका जमिनीत उतरवणारा, गॅस ट्यूब असलेला प्रोटेक्टर बसवायचा तर त्याला अर्थ, म्हणजे जमिनीतली अर्थिंग, हवीच. अर्थ नसेल तर ती शोभेची डबी. आणि कातळावर अर्थ मिळवणं सोपं नाही. जांभ्यात दोन फुटांवर दगड लागतो, नळी ठोकता येत नाही. परसात माती खोल आहे अशी जागा, विहिरीच्या किंवा मोरीच्या पाण्याजवळची, बघा. कोळसा-मीठ भरून खड्डा करा, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. टेलिफोनची वेगळी आणि विजेची वेगळी अर्थ ठेवून दोन्ही एकमेकींपासून तोडून ठेवू नका. झटका आला की दोघींमध्ये शेकडो व्होल्टचा फरक पडतो आणि तो उपकरणातून वाट काढतो. त्या वायरमनकडून एकत्र बांधून घ्या.

समुद्रगाज

होमस्टेच्या पाच खोल्या. एक लाईन, खोल्यांमध्ये फोन, ओटीवरून कॉल फिरवायचा. छोटं ईपीएबीएक्स, म्हणजे घरातलं छोटं एक्सचेंज, घ्यावं का? पाहुणे खोलीतून एसटीडी करतील त्याचं काय?

कातळ

एक बाहेरची आणि आठ आतल्या लाईनींचं छोटं यंत्र पुरतं. टीईसी प्रमाणपत्र विचारा. बाहेरची जोडी 'को' किंवा 'ट्रंक' खुणेच्या टर्मिनलवर, खोल्या 'एक्स्टेंशन'वर. उलटं केलं तर दोन ४८ व्होल्ट एकमेकांवर आदळतात. खोल्यांच्या एक्स्टेंशनना यंत्रातूनच बाहेरचे कॉल बंद करता येतात, फक्त ११२ आणि आतले नंबर उघडे ठेवा. पाहुण्यांना कॉल विकून पैसे लावण्याच्या फंदात आता कोणी पडत नाही, तुम्हीही पडू नका.

याच लाईनवरून जुन्या पाहुण्यांना 'मे महिन्याचं पॅकेज' सांगणारे फोन करत सुटू नका. नोंदणीशिवाय प्रचाराचे कॉल केले आणि तक्रारी गेल्या तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे लाईनचे जाणारे कॉल बंद होऊ शकतात. पाहुण्याने स्वतः विचारलंय तर परत फोन करणं वेगळं.

दोनतारी

यंत्र ओएनटीच्या मागे लावणार असाल तर फ्लॅश बटणाचा वेळ बघा. कॉल फिरवायला फ्लॅश दाबलं आणि कॉलच तुटला, तर तो वेळ जास्त आहे. काहीच झालं नाही तर कमी. फोनवर १०० पासून ६०० मिलिसेकंदांपर्यंतचे पर्याय असतात, एकेक करून बघा. कॉलर आयडी दिसत नसेल तर फोन डीटीएमएफ आणि एफएसके दोन्ही वाचणारा आहे का ते पाहा. एक्सचेंजांमध्ये दोन्ही पद्धती आहेत, आणि बाहेरून आणलेले फोन बहुधा एकच ओळखतात.

खाडीपलीकडे

शेवटचा माझा. आजोबांच्या नावावरचा फोन, आजोबा गेले, घर गणपती आणि शिमग्याला उघडतं. दरमहा भाडं जातंय. बंद करावा तर नंबर चाळीस वर्षं सगळ्या पाहुण्यारावळ्यांकडे.

कातळ

आधी नाव बदला. मृत्यूचा दाखला, वारसाची ओळखपत्रं आणि बाकी वारसांची ना-हरकत लागते. वारस मुंबई-पुण्यात विखुरलेले असले तर गणपतीत सगळे एकत्र येतात तेव्हाच सह्या घ्या. तक्रार, जागाबदल, फायबरवर जाणं, यातलं काहीही मृत माणसाच्या नावावर पुढे सरकत नाही. नंतर ग्राहक सेवा केंद्रात 'सेफ कस्टडी'बद्दल विचारा: लाईन तात्पुरती थांबवून नंबर राखून ठेवायची सोय. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि परत कधी चालू करायची ती तारीख अर्जातच लिहा. मोबाईलसारखा लँडलाईनचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येत नाही, त्यामुळे कंपनी बदललीत तर तो जातो.

तक्रारींचंही इथेच सांगतो. १९८ वर किंवा कंपनीच्या ॲपवर नोंद करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवा. लाईनमनच्या मोबाईलवर 'जरा बघा' म्हणणं ही तक्रार नव्हे, त्याची कुठे नोंद नसते. लाईन बरेच दिवस मेलेली असेल तर त्या काळाच्या भाड्याची सूट मागताना हाच नंबर लागतो. दाद लागली नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. फी नाही.

खाडीपलीकडे

म्हणजे चतुर्थीक सगळे जमले की आरतीच्या आधी सह्यो. झाला. मल्टिमीटरची बॅटरी कुठची लागता?

जांभाचिरा

९ व्होल्टची चौकोनी. वर्षभर मीटरात ठेवून गावच्या घरात सोडू नका, खाऱ्या हवेत तिची टोकं फुलतात आणि मीटरही नेतात. काढून वेगळी ठेवा.